बंबाची दुसरी बाजू

जे. पी. नगरातल्या त्या चार मजली इमारतीत कावेरीअक्कांना सगळेच अक्का म्हणत. वॉचमन, दूधवाला, इस्त्रीवाली, खालच्या मजल्यावरचे तमिळ डॉक्टरसुद्धा. घराणं मूळचं मराठी. पण कुठल्या पिढीत, कुणाच्या पाठोपाठ ते इकडे उतरलं, हे आता कुणालाच धड सांगता येत नसे. घरात बोलणं मराठीत चाले आणि हिशेब नि भांडणं कन्नडात. अक्कांचे यजमान सुमंतराव म्हणत, मराठीत भांडायला आपल्याला शब्दच पुरत नाहीत.

तरुणपणी अक्का एका मोठ्या कारखान्यात ट्रेसर होत्या. हे काम काय असतं ते आताशा समजावून सांगावं लागतं. ड्राफ्ट्समननं पेन्सिलीनं यंत्राच्या भागाचं चित्र काढायचं. ट्रेसरनं त्यावर अर्धपारदर्शक कागद अंथरून खालची रेघ न रेघ काळ्या शाईनं वर उतरवायची. रेघ कुठं जाड व्हायला नको, कुठं बारीक व्हायला नको. पंख्याचा वारा कागदाला लागू नये म्हणून भर उन्हाळ्यातही त्या मोठ्या हॉलमधले पंखे बंद असत. कितीतरी यंत्रं अक्कांच्या हाताखालून गेली, पण त्यातलं एकही चित्र त्यांचं नव्हतं. पुढं कॉम्प्युटर आले, बोर्ड गेले, अक्कांना रेकॉर्ड विभागात बसवलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. रेघ ओढायला हात शिवशिवतो असं त्यांना कधी वाटलं नाही. तो विषय संपला होता.

मग एके दिवशी अण्णांचा फोन आला.

अण्णा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, हयवदन. मारतहळ्ळीला मुलाजवळ, प्रणीतजवळ राहत. मुळात कमी बोलणारा माणूस, त्यात रिंग रोडचं ट्रॅफिक. भेटी सणासुदीपुरत्या उरलेल्या. फोनवर तब्येती झाल्या, पाऊस झाला, आणि मग अण्णा घुटमळले.

“कावेरी, तो बंब अजून आहे का गं तुझ्याकडं?”

“आहे की. बाल्कनीत. का रे?”

“प्रणीतनं नवं घर घेतलंय. मागं स्वल्प अंगण आहे. यंदा दिवाळीचं पाणी त्यात तापवावं म्हणतो.”

अण्णांनी आजवर बहिणीकडं काही मागितलेलं नव्हतं. आई गेली, चामराजपेटेतलं भाड्याचं घर सोडायची वेळ आली, तेव्हाही ते म्हणाले होते, तुला हवं ते घे, उरेल ते मी बघतो. आणि उरलेलंही त्यांनी फारसं बघितलं नव्हतं.

“सरी, बरं अण्णा, घेऊन जा,” अक्का लगेच म्हणाल्या. “विचारायचं काय त्यात?”

पण फोन ठेवल्यावर त्या बाल्कनीत जाऊन उभ्या राहिल्या.

बंब कोपऱ्यात होता. कमरेएवढा, तांब्याचा, तीन पायांवर उभा. मधून वरपासून खालपर्यंत गेलेली जळणाची नळी, तिच्याभोवती पाण्याचं पोट, दोन्ही बाजूंना जाड कड्या, खाली पितळी तोटी. गॅसचा गिझर आला तेव्हापासून त्यात विस्तव पडला नव्हता. झाकणावर नेच्याची कुंडी ठेवलेली, अंगावर काळपट हिरवी कळा चढलेली. रोज त्याच्याजवळ कपडे वाळत घालायचे, रोज त्याला वळसा घालून जायचं, आणि बघायचं मात्र नाही, असं कित्येक वर्षं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी चिंच भिजत घातली.

“द्यायचाच आहे तर घासतेस कशाला?” सुमंतरावांनी विचारलं.

“मळका देऊ?”

सुमंतराव कॉफीचं डिकॉक्शन काढायला आत गेले. ते काम लग्नापासून त्यांचं होतं.

चिंचेखालून तांबं हळूहळू उजाडत गेलं. आधी एक फिकट पट्टा, मग त्याच्याशेजारी दुसरा, मग सगळं पोटच गुलाबी. शेवटचं पाणी ओतून अक्कांनी पदरानं कपाळ टिपलं आणि बघतात तो बंबात अख्खी बाल्कनी उतरलेली. ग्रिलचे गज वाकून कमानी झालेले, समोरच्या सिल्व्हर ओकची फांदी ताणून लांबलचक झालेली, ढगाळ आभाळाचा एक तुकडा दुधासारखा सांडलेला, आणि या सगळ्याच्या मधोमध एक ठेंगणी, गोल पोटाची बाई हात लोंबकळत उभी. अक्का हसल्या. ती बाईही हसली. कॉफी आली, निवली, तिच्यावर साय धरली, तरी त्या तिथंच होत्या.

याचं चित्र काढून ठेवावं, असं त्यांच्या मनात आलं.

“मोबाईलवर फोटो काढतो की,” सुमंतराव म्हणाले, आणि काढलाही. फोटोत बंब होता, वॉशिंग मशीनचा पाइप होता आणि एका कडेला सुमंतरावांचं बोट होतं. अक्कांनी तो बघितला, छान आहे म्हणाल्या. पण तो निघाला एका क्षणात, आणि त्यांना बंबाजवळ त्याहून जास्त वेळ हवा होता.

पेन्सिली माळ्यावर सापडल्या. अक्कांनी खुर्ची मांडली, बंबाला पोचा होता तो भाग भिंतीकडं केला, चांगली बाजू पुढं घेतली आणि पट्टी हातात धरली. दोन सकाळी खपून त्यांनी जे काढलं ते कारखान्यात कुणीही मंजूर केलं असतं. मधली रेषा बरोबर मधून गेलेली, दोन्ही कड्या एका उंचीवर, पाय सारखे. त्यावरून कुणाही तांबटानं नवा बंब घडवला असता. पण कागद भिंतीला टेकवून त्या लांब उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना तो कुणाचाच वाटेना.

वरच्या मजल्यावर सुखदा राहत असे. पुण्याची मुलगी, बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात कामाला. रविवारी सकाळी पाठीला पिशवी लावून कुठंतरी झाडं नि जुनी घरं चितारायला जाई. ती ताक मागायला आली, तेव्हा अक्कांनी कागद दाखवला.

“अक्का, कसली क्लीन लाइन आहे हो तुमची!” सुखदा म्हणाली. मग ओठ मुडपून बघत राहिली.

“पण?”

“पण हा बंब तुम्ही बघून नाही काढलाय. माहीत असलेला काढलाय.” तिनं जीभ चावली. “सॉरी हं. म्हणजे, याला कडा आहेतच कुठं? बघा ना, तो इकडे उजेडात विरून गेलाय, तिकडे अंधारात. तुम्ही आउटलाइन काढूच नका आधी. डोळे अर्धे मिटा. झोप येतेय अशा. आणि जे सगळ्यात काळं दिसेल, तिथून सुरू करा.”

“पट्टी?”

“पट्टी माझ्याकडे द्या,” सुखदा म्हणाली, आणि खरोखरच ती पट्टी नि ताक दोन्ही घेऊन गेली. जाताना स्वतःची एक मऊ, जाड शिशाची पेन्सिल ठेवून गेली.

डोळे अर्धे मिटून बघायचं हे अक्कांना पहिल्यांदा पोरखेळासारखं वाटलं. पण पापण्या खाली आल्या तशी बाल्कनी मागं सरली. गज गेले, तारेवरचे कपडे गेले, रस्त्यावरच्या फूलवालीची “मल्लिगे, सेवंतिगे” अशी हाक पाण्याखालून यावी तशी येऊ लागली. उरला नुसता एक उबदार गोलावा, एका अंगानं उजळ, एका अंगानं सावळा. मऊ पेन्सिल कागदावर घासली की घोंगडीवरून हात फिरवल्यासारखा आवाज येई. अक्का सावली भरत गेल्या. रेघ कुठं संपते आणि काळोख कुठं सुरू होतो, याचा त्यांना पत्ता लागेना, आणि गंमत म्हणजे त्याची काळजीही वाटेना.

आणि मग त्या चामराजपेटेतल्या न्हाणीघरात होत्या.

थंडीची पहाट. कौलांतून धुराचा निळा पट्टा खाली आलेला. बंबात करवंट्या पेटलेल्या, नळीतून सूं सूं आवाज. बंबाच्या एका बाजूला पाटावर कानटोपी घातलेला अण्णा, दुसऱ्या बाजूला फ्रॉकवर आईचं जुनं स्वेटर चढवलेली ती. पाणी तापेपर्यंत बसून राहायचं. मधे बंब, त्यामुळं अण्णा दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. तो ड्रायव्हर, ती गार्ड. “यशवंतपूर!” अण्णा ओरडायचा. “तुमकूर! तिपटूर! अर्सीकेरे, गाडी दहा मिनिटं थांबेल!” आणि ती आपल्या बाजूनं उतरून काल्पनिक फलाटावर दोन पावलं फिरून परत पाटावर बसायची. बिरूरच्या पुढं गाडी कधी गेली नाही. तोवर पाणी तापायचं आणि आई हाक मारायची. अण्णाच्या बाजूला तोटी. पाणी काढायचं काम त्याचं. तिनं फक्त ऊब घ्यायची. गालाला, गुडघ्यांना, मिटलेल्या पापण्यांना.

“कावेरी, झोपलीस का?” सुमंतराव दारातून म्हणाले.

“नाही हो. काढतेय.”

असे बरेच दिवस गेले. सकाळचा उजेड जेमतेम तासभर मनासारखा राही. ऊन ग्रिलवर चढलं की सगळं पांढरं होऊन जाई. तेवढ्या वेळात अक्का हाताच्या पंज्याएवढा भाग पुरा करत. त्या गोल पोटातली वाकडी बाल्कनी त्यांनी काढली, ढगाचा तुकडा म्हणून कागद कोरा सोडला, आणि मधोमध ती ठेंगणी बाईही काढली, मांडीवर पाटी घेऊन बसलेली. इवलीशी होती. कुणी दाखवल्याशिवाय दिसलीही नसती. सुखदानं चित्र बघितलं, मोबाईल काढला, परत ठेवला, आणि म्हणाली, “नको. हे असंच बघायचं.”

दसरा झाल्यावरच्या रविवारी अण्णा आले. प्रणीत त्यांना सोडून कुठल्याशा कामाला गेला, दुपारी येतो म्हणाला. अण्णा आता काठी घेऊन चालत. इडली झाली, कॉफी झाली, सुमंतरावांशी पाण्याच्या टँकरविषयी बोलणं झालं. मग अक्कांनी चित्र आणून अण्णांच्या हातात दिलं आणि पहिल्या दिवशी परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या उभ्या राहिल्या.

अण्णांनी चष्मा बदलला. कागद लांब धरला, जवळ धरला.

“फार चांगलं काढलंयस,” ते म्हणाले. “अगदी तांबं वाटतं.” थोडं थांबून म्हणाले, “पण पोचा कुठाय?”

“पोचा मागं आहे. मुद्दामच तिकडं केला. कशाला उगाच खोड दाखवायची?” अक्का म्हणाल्या. “इथं आणताना लॉरीत आदळला असेल कुठंतरी. मी तेव्हा त्या हमालाला बोललेही होते.”

“लॉरीत नाही,” अण्णा म्हणाले. “अय्यो, त्या बिचाऱ्याला कशाला बोललीस? तो पोचा फार जुना.”

“आपल्या घरात होता? मला कसा दिसला नाही?”

“माझ्या बाजूला होता ना. तोटीच्या वर.”

अण्णांचं बोलणं असंच. मधे मधे विहिरीत पोहरा सोडल्यासारखं लांबायचं. अक्कांना सवय होती. त्या समोर बसल्या.

“आपण मल्लेश्वरमहून चामराजपेटेत राहायला आलो ना, तेव्हाचं,” अण्णा म्हणाले. “तू एवढीशी होतीस. आई सामानाबरोबर पुढं गेलेली. शेवटच्या खेपेला घोड्याचा जटका केला. बाबा पुढं, जटकावाल्याशेजारी. मागं मी, तू आणि बंब. बाबा म्हणाले, हयवदना, बंब घट्ट धर, महागाचा आहे. मी दोन्ही हातांनी मिठी मारून बसलो. आणि तू त्याला टेकून झोपलीस.”

“मग?”

“रस्ता खणलेला होता कुठं तरी. चाक गेलं खड्ड्यात. बंब कलला एका अंगाला आणि तू घसरलीस दुसऱ्या अंगाला.” अण्णांनी आपले दोन्ही हात उचलून बघितले. “हात दोनच.”

“मग काय झालं, अण्णा?”

“काय होणार? बंब पडला.”

आत सुमंतराव भांडी विसळत होते, तेही थांबले.

“बाबा फार रागावले?”

“नाही गं. उतरले, बंब उचलला, पोच्यावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं. मी तुला धरून बसलो होतो आणि तू झोपलेलीच. तोंड उघडं टाकून. बाबा म्हणाले, तू आता तिलाच धर, बंबाजवळ मी बसतो. मग घोडा आपला हळूहळू चालला, जटकावाला उतरून लगाम धरून पुढं.” अण्णा हसले. “एवढंच. रोज पाणी काढताना पोचा समोर यायचा. बरं वाटायचं मला.”

“इतक्या वर्षांत बोलला का नाहीस कधी?”

“त्यात सांगण्यासारखं काय होतं? मला वाटलं, दिसतोच आहे तो सगळ्यांना.”

अक्का उठल्या, बाल्कनीत गेल्या आणि बंबाच्या दोन्ही कड्या धरून तो फिरवू लागल्या. सुमंतराव धावत आले, दोघांनी मिळून तो फिरवला. भिंतीकडं गेलेली बाजू उजेडात आली. तोटी, आणि तिच्यावर तळहाताएवढा खोलगट पोचा. चिंचेनं घासताना त्यांनी तो जरा कंटाळूनच घासला होता. कडेला थोडं काळं राहूनही गेलं होतं.

“अण्णा, तू असा पलीकडं बस,” त्या म्हणाल्या. “मला तुझ्या जागेवर बसू दे.”

अण्णा वेताच्या खुर्चीत पलीकडं बसले. मधे बंब आला आणि ते दिसेनासे झाले. नुसती काठी ग्रिलला टेकलेली दिसत होती.

अक्कांनी नवा कागद घेतला. सकाळ कधीच टळली होती, पण आभाळ भरून आलं होतं आणि उजेड मऊ होता. पोच्याला रेघच नव्हती. ट्रेसिंगचा कागद अंथरला असता तर त्यावर उतरवण्याजोगं तिथं काहीही सापडलं नसतं. एक सावली आत जात होती आणि तिच्या तळाशी एक उजळ ठिपका होता, बस्स. त्यांनी डोळे अर्धे मिटले. त्या ठिपक्यात सगळं उलटं दिसत होतं: आभाळ खाली, जमीन वर, आणि मधे डोकं खाली करून बसलेली एक अगदी बारकी आकृती. ती म्हातारी आहे की मूल, हे एवढ्या लहान आकारात ओळखू येत नव्हतं.

पेन्सिल चालू लागली. हलकेच हलल्यासारखं वाटू लागलं, पाळण्यात बसल्यासारखं. अक्कांना त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. आठवणार कसं, त्या झोपेत होत्या. तरी खालून टापांचा आवाज येत होता, गवताचा आणि घोड्याचा वास येत होता, गालाला गार तांबं लागत होतं. मग ते तांबं निसटलं, आणि पडायच्या आतच अंगाभोवती दोन हाडकुळे हात आले. त्यांनी सावली आणखी गडद केली. कागदावर एक थेंब पडला. तो बोटानं पुसताना करडा डाग पसरला, आणि तो पोच्याच्या आत इतका शोभला की त्यांनी तसाच राहू दिला.

पलीकडून बारीक घोरणं ऐकू येऊ लागलं. अण्णांना झोप लागली होती. अक्का न थांबता काढत राहिल्या. सुमंतरावांनी येऊन अण्णांच्या अंगावर शाल टाकली आणि पाय न वाजवता आत गेले.

चित्र पुरं झालं नाही. पोचा झाला, तोटी झाली, एका कडीची सुरुवात झाली, आणि खाली प्रणीतचा हॉर्न वाजला. प्रणीतनं आणि वॉचमननं बंब खाली नेला. तो गाडीत मागच्या सीटवर बसवला आणि प्रणीतनं हसत हसत त्याला सीट बेल्ट लावला. अण्णा त्याच्याशेजारी बसले. बेल्ट असूनही त्यांचा एक हात कडीवर होता.

“पहिलं चित्र घेऊन जा,” अक्का खिडकीपाशी जाऊन म्हणाल्या. “घरात लाव.”

“आणि ते?”

“ते माझ्याकडं असू दे. व्हायचंय अजून.”

पण पुढं त्यांनी त्याला हात लावला नाही. सुखदानं दोनदा आठवण केली, मग तिलाही ते तसंच आवडू लागलं. अर्ध्या कागदावर पोचा, आणि बाकी सगळा कोरा उजेड. रविवारी अक्का तिच्याबरोबर जाऊ लागल्या. लालबागेतला खडक, कुणाच्या तरी कुंपणावरचं मांजर, स्टॉलवर उलटे घातलेले कॉफीचे पेले. कधी जमायचं, कधी फिसकटायचं. सुमंतराव थर्मास भरून देत.

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी दोघं मारतहळ्ळीच्या पुढं, प्रणीतच्या नव्या घरी पोचले. इकडे त्या संध्याकाळी न्हाणीची भांडी पूजून पाणी भरून ठेवतात, तो पाणी भरायचा सण होता. अंगणात चुना नि शेडीच्या मातीनं पट्टे ओढलेले, बंबाच्या गळ्यात रानवेल बांधलेली, हळदकुंकू लावलेलं. पहाटे अण्णांनी स्वतः करवंट्या पेटवल्या. फुंकणीनं फुंकताना त्यांना ठसका लागला. सूनबाई ओरडल्या, पण ते ऐकेनात.

अक्कांचं न्हाणं सगळ्यांच्या आधी झालं. डोक्याला पंचा गुंडाळून त्या पायरीवर येऊन बसल्या. तेलाचा, शिकेकाईचा, धुराचा वास अंगाला येत होता. पूर्वेकडच्या उंच इमारतींच्या मागं आभाळ पांढुरकं होऊ लागलं होतं. बंबाच्या नळीतून धूर निघत होता, आधी सरळ, मग वाऱ्याच्या मनाप्रमाणं, आणि कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर जाऊन विरत होता. अक्का डोळे अर्धे मिटून त्याच्याकडं बघत राहिल्या. त्याला ना कड होती, ना मध्य, ना तो क्षणभर थांबत होता. हा कसा काढायचा असतो, हे सुखदाला विचारायला हवं, असं त्यांच्या मनात आलं.

“कावेरी,” अण्णा तोटीपाशी वाकून म्हणाले, “अजून एक घंगाळ घेतेस का? पाणी चांगलं कढत आहे.”

“घेते,” अक्का म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.